८०८७ ते ३८७: ती रिकामी सॉकेट भरायची का?

८०८७, ८०२८७ आणि ३८७ म्हणजे इंटेलचे गणिताचे कोप्रोसेसर, जुन्या पीसीत मुख्य प्रोसेसरच्या मदतीला रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायच्या जादा चिपा. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकतो. एक्सटी क्लासचं (८०८८ प्रोसेसरवालं) मशीन असेल तर ८०८७ जरूर टाका, एटी (२८६ वालं) असेल तर साध्या ८०२८७ कडून फार अपेक्षा ठेवू नका, ३८६ असेल तर ३८७ डोळे झाकून घ्या आणि मिळालीच तर सायरिक्स कंपनीची घ्या. पण कुठलीही चिप घ्यायच्या आधी त्या मशीनवर नेमकं काय चालवणार आहात ते बघा, कारण कोप्रोसेसर टाकला आणि मशीन ढिम्म तसंच आहे अशी तक्रार करणारे ढिगाने भेटतात आणि बहुतेक वेळा चिप एकदम ठणठणीत असते, फक्त सॉफ्टवेअरने तिच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नसतं.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. ८०८८ ला दशांश चिन्ह म्हणजे काय ते माहीतच नाही. १६ बिटांच्या पूर्णांकांची बेरीज, गुणाकार, भागाकार, झालं, एवढंच येतं त्याला. २.५ ला ३.७ ने गुणायचं म्हटलं की सॉफ्टवेअरने चिन्ह वेगळं काढायचं, घातांक वेगळा काढायचा, उरलेला आकडा तुकड्या तुकड्याने गुणायचा, सरकवायचा, राउंड करायचा आणि परत सगळं जुळवून ठेवायचं, हे एका गुणाकारासाठी. इंटेलने १९८० मध्ये ८०८७ आणला तो हाच सगळा व्याप सिलिकॉनमध्ये बसवून, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीवर ८०८८ च्या शेजारी त्याच्यासाठी ४० पिनांची सॉकेट पहिल्यापासून होती. आतला माल त्या काळाच्या मानाने अचाट आहे: ८० बिटांची आठ रजिस्टरं, वर्गमूळ, लॉग, टॅन्जंट सगळं मायक्रोकोडमध्ये, आणि तो मायक्रोकोड चिपवर मावेना म्हणून रॉमच्या एकेका ट्रान्झिस्टरमध्ये दोन दोन बिट कोंबलेत, वेगवेगळ्या मापाचे ट्रान्झिस्टर वापरून. गणिताच्या बाजूला विल्यम कॅहान सल्लागार होते आणि १९८५ मध्ये आलेलं आयईईई ७५४ हे दशांश आकड्यांच्या (फ्लोटिंग पॉइंट) गणिताचं स्टँडर्ड बऱ्याच अंशी याच कामातून उभं राहिलं. एकच गोष्ट मला आजतागायत पटलेली नाही, ती म्हणजे आठही रजिस्टरं स्टॅकसारखी लावलीत. असेंब्ली लिहिताना कुठला आकडा आता कितव्या जागेवर सरकलाय याचा हिशोब डोक्यात ठेवायचा म्हणजे डोक्याला नुसता ताप, निम्म्या इन्स्ट्रक्शन अदलाबदलीतच जातात.

बसवायला काही अवघड नाही. खाच बघून चिप दाबायची आणि पीसी-एक्सटीच्या मदरबोर्डवर डिप स्विचच्या पहिल्या ब्लॉकमधला २ नंबर ऑफ करायचा. हो, चिप असेल तर ऑफ, नसेल तर ऑन, उलटंच आहे ते. हा स्विच बायोसला फक्त एवढंच सांगतो की कोप्रोसेसर आहे, मग जे प्रोग्राम बायोसला विचारतात ते तिथून उत्तर घेतात आणि जे स्वतः चाचपून बघतात त्यांना स्विचशी देणंघेणं नसतं, त्यामुळे स्विच विसरला तर काही प्रोग्रामना चिप दिसते आणि काहींना नाही असला गमतीशीर प्रकार होतो. चिप तापते बरं का, चांगलीच तापते, त्याने घाबरू नका.

आता मुद्द्याचं, स्पीड. इंटेलच्या ८०८७ च्या डेटाशीटमध्ये एक प्रसिद्ध तक्ता आहे, ५ मेगाहर्ट्झच्या ८०८७ ची ८०८६ वरच्या सॉफ्टवेअर इम्युलेशनशी, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना. बेरीज १७ मायक्रोसेकंद विरुद्ध १६००. भागाकार ३९ विरुद्ध ३२००. वर्गमूळ ३६ विरुद्ध १९,६००. म्हणजे बेरजेला साधारण ९४ पट, भागाकाराला ८२ पट आणि वर्गमूळाला तब्बल ५४४ पट. हे आकडे बघून कुणाचेही डोळे फिरतील, आणि शंभर पट फास्ट ही जी जाहिरात सगळीकडे चालली ती इथूनच.

आकडे खोटे नाहीत. पण त्याच तक्त्यात एक ओळ आहे जिच्याकडे कोणी बघत नाही: डबल (६४ बिटांचा आकडा) लोड करणं, १० विरुद्ध १७००. अहो, लोड! म्हणजे मेमरीतला आकडा उचलून रजिस्टरमध्ये ठेवायचा, त्यात गणित काहीच नाही, आणि त्याला बेरजेपेक्षा जास्त वेळ? कारण तो इम्युलेटर नुसतं गणित करत नाहीये, तो अख्ख्या ८०८७ चं सोंग वठवतोय. ६४ बिटांचा आकडा ८० बिटांचा करायचा, खोटा स्टॅक सरकवायचा, स्टॅक भरला का ते तपासायचं, स्टेटस वर्ड अपडेट करायचा. बेरीज करायची म्हटली तर आधी लोड, मग बेरीज, मग स्टोअर, आणि स्टोअरचे परत १२००. ज्याला फक्त बेरीज हवी आहे तो असलं काही करतच नाही. तेव्हा तुलना आहे ती कोप्रोसेसर आणि कोप्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर यांच्यातली. कोप्रोसेसर आणि चांगलं लिहिलेलं सॉफ्टवेअर यांच्यातली ती नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

चांगलं लिहिलेलं म्हणजे कसलं? टर्बो पास्कलचा ६ बाइटांचा रिअल घ्या. ४८ बिटांचा आकडा, स्वतःचा फॉरमॅट, ८०८७ शी काही नातं नाही, इन्फिनिटी नाही, नॅन (आकडाच नाही असं सांगणारं उत्तर) नाही, जास्त लाड नाहीत, १६ बिटांच्या रजिस्टरांत नीट बसेल असा बेतलेला. इम्युलेटरपेक्षा तो बराच चपळ आहे आणि ११-१२ आकड्यांपर्यंत अचूकता देतो, बहुतेक कामांना तेवढी पुरते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकचा पण असाच स्वतःचा बायनरी फॉरमॅट होता. मायक्रोसॉफ्ट सी मध्ये तर इम्युलेटर हवा की ऑल्टरनेट मॅथ लायब्ररी हवी हे कंपायलरच्या स्विचने ठरवता यायचं, ऑल्टरनेट घेतली तर थोडी अचूकता जायची पण चिप नसलेल्या मशीनवर प्रोग्राम पळायचा. मग अशा कोडशी ८०८७ ची तुलना केली तर शंभर पट वगैरे विसरा. फरक तरीही मोठा पडतो, अगदी डोळ्यांना दिसेल इतका, पण जाहिरातीएवढा नाही.

आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे ती ढिम्म वाली तक्रार. जीडब्ल्यू-बेसिक ८०८७ ला हात लावत नाही, अजिबात नाही, सॉकेटमध्ये काय आहे काय नाही त्याला फरक पडत नाही. टर्बो पास्कल ३ साठी ८०८७ वाली वेगळी आवृत्तीच होती, साध्या आवृत्तीने केलेला प्रोग्राम चिप असून नसून सारखाच. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटची १ए आवृत्ती चिप वापरत नाही, १९८५ ची रिलीझ २ वापरते. शिवाय स्प्रेडशीटमध्ये निम्मा वेळ स्क्रीनवर लिहिण्यात आणि सेल शोधण्यात जातो तो काही ८०८७ कमी करू शकत नाही, तेव्हा बेरजांच्या शीटवर फार उड्या मारू नका, लॉग आणि व्याजाची सूत्रं ठासून भरली असतील तरच मजा आहे.

इम्युलेटरला एवढं बोललो पण खरं सांगू का, या सगळ्या भानगडीत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कुठली चिप नाहीये, इम्युलेटरची ती इंटरप्टवाली युक्ती आहे. अडचण अशी की ८०८८ ला कोप्रोसेसर नसल्याचं कळतच नाही. कोप्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनची सुरुवात हेक्समध्ये डी८ ते डीएफ या बाइटांनी होते, ८०८७ बसवर कान लावून बसलेला असतो, आपली इन्स्ट्रक्शन दिसली की उचलतो. तो नसेल तर ८०८८ ती इन्स्ट्रक्शन गपचूप सोडून पुढे जातो, एरर नाही काही नाही, आणि पुढे वेट (कोप्रोसेसरचं काम होईपर्यंत थांब, ही इन्स्ट्रक्शन) आली की कोणीतरी उत्तर देईल म्हणून अनंतकाळ थांबून राहतो. मशीन हँग. तेव्हा एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालावा म्हणून काय केलं, तर कंपायलर आणि लिंकर मिळून कोप्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनच्या जागी हेक्स ३४ पासून पुढचे सॉफ्टवेअर इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसऱ्या कोडकडे नेणाऱ्या इन्स्ट्रक्शन) टाकतात. वेट आणि डी८ मिळून दोन बाइट, ९बी डी८. इंटरप्ट ३४ पण दोन बाइट, सीडी ३४. अगदी मापात! चिप नसेल तर इंटरप्ट इम्युलेटरकडे जातो आणि तो काम उरकतो. चिप असेल तर इम्युलेटर मागे वळून, ज्या जागेवरून इंटरप्ट आला तिथले ते दोन बाइट बदलून परत ९बी डी८ करून टाकतो आणि तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायला लावतो, म्हणजे लूपची पहिली फेरी अडखळत जाते आणि दुसऱ्या फेरीपासून थेट हार्डवेअर. डीबग उघडून प्रोग्राम चालवायच्या आधीचे आणि नंतरचे बाइट बघा एकदा, आपल्याच डोळ्यांदेखत कोड स्वतःला दुरुस्त करून घेतो. ज्याच्या कोणाच्या डोक्यातून आलं त्याला मानलं.

याचा टेस्टिंगला मोठा फायदा आहे. बोरलँडच्या कंपायलरने बनवलेल्या प्रोग्रामसाठी डॉसमध्ये ८७ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एन करून ठेवलं की चिप असूनही प्रोग्राम इम्युलेशनवर चालतो. मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी तेच काम नो८७ करतं. म्हणजे मशीन तेच, प्रोग्राम तोच, चिप काढायची घालायची झंझट नाही, तुलना एकदम स्वच्छ. टर्बो पास्कल ५ मध्ये डबल वापरून मँडेलब्रॉटचं (प्रसिद्ध फ्रॅक्टल) चित्र काढणारा साधा प्रोग्राम लिहा, एन आणि ई हे कंपायलरचे दोन्ही डायरेक्टिव्ह प्लस ठेवा आणि दोन्ही प्रकारे चालवा. इम्युलेशनवर काळ्या भागात शिरलं की एकेक ठिपका उमटताना दिसतो, तिथे प्रत्येक ठिपक्याला पूर्ण फेऱ्या माराव्या लागतात ना, आणि तुम्ही ताटकळत बसता. ८०८७ चालू केला की तोच भाग ओळीओळीने भरत जातो. तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा हे बघितलं की जास्त कळतं.

नुसता स्पीडच बघायचा नसेल तर सॅव्हेज बेंचमार्क चालवा, मला व्हेटस्टोन या दुसऱ्या बेंचमार्कपेक्षा तो जास्त आवडतो. १ पासून सुरू करायचं, आकड्याचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, त्याचा लॉग, त्याचा एक्स्पोनेन्शियल, त्याचा आर्कटॅन, त्याचा टॅन, म्हणजे फिरून परत तोच आकडा यायला पाहिजे, आणि त्यात १ मिळवायचा. असं २४९९ वेळा. शेवटी २५०० यायला पाहिजे, जेवढं चुकलं तेवढी तुमच्या लायब्ररीची लाज. सिंगल प्रिसिजनच्या बेसिकमध्ये उत्तर उघड उघड भरकटतं, ८०८७ वर दशांशानंतर बरेच शून्य किंवा नऊ गेल्यावर फरक दिसायला लागतो. इथे एक माहिती असू द्या, ८०८७ मध्ये साइन आणि कोसाइनच्या इन्स्ट्रक्शनच नाहीत! टॅन्जंट आहे, तो पण ० ते ४५ अंशांपर्यंतच, कोन त्या पट्ट्यात आणायचं आणि टॅनवरून साइन काढायचं काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे एकाच चिपवर दोन कंपायलरांचा साइन वेगळ्या वेगाने चालू शकतो आणि मग लोक चिपच्या नावाने बोटं मोडतात.

८०२८७ बद्दल थोडक्यातच, कारण सांगण्यासारखं चांगलं फार नाही. आतला गाभा जवळपास ८०८७ चाच, फक्त बोलण्याची पद्धत बदलली, आता २८६ स्वतः आय-ओ पोर्टांतून आकडे आणून देतो आणि त्यात आणखी वेळ जातो. त्यातून १९८४ च्या आयबीएम एटीमध्ये सीपीयू ६ मेगाहर्ट्झवर आणि २८७ मात्र त्याच्या दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे ४ वर. एक्सटीतला ८०८७ चालायचा ४.७७ वर. म्हणजे नवं महागडं मशीन घेतलं आणि कोप्रोसेसर जुन्यापेक्षा हळू! ८ मेगाहर्ट्झच्या एटीत तो ५.३३ वर गेला, पण म्हणून काही नाचायचं कारण नाही. २८७ ला स्वतःचा वेगळा क्रिस्टल देणारी छोटी बोर्डं मिळायची, ती असतील तर गोष्ट वेगळी, आणि नंतरची इंटेलची २८७एक्सएल ही आतून ३८७ च्याच घराण्यातली आहे, ती मिळाली तर सोडू नका.

एका बाबतीत मात्र २८६ ने सुधारणा केली. त्यात एक बिट आहे, तो लावला की कोप्रोसेसरची इन्स्ट्रक्शन आली रे आली की एक्सेप्शन ७ येतो, म्हणजे प्रोसेसर थांबून ठरलेल्या दुसऱ्या कोडकडे जातो. म्हणजे प्रोग्रामला न सांगता, न बदलता मागे इम्युलेटर बसवता येतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑटोकॅडसारखे प्रोग्राम चिप नसेल तर सुरूच व्हायला तयार नसत, त्यांना गंडवायला असले मेमरीत बसून राहणारे इम्युलेटर निघाले होते. लिनक्सच्या कर्नलमध्ये बिल मेट्झेनथेन यांनी लिहिलेला इम्युलेटर हेच काम करायचा. पण इथे बाइट बदलायची सोय नाही, दर इन्स्ट्रक्शनला एक्सेप्शन, दर वेळी डीकोड, त्यामुळे प्रोग्राम सुरू होतो एवढंच समाधान. ड्रॉइंगवर झूम केलं की बसा जप करत.

३८७ मात्र खरा दमदार. आला १९८७ मध्ये, ३८६ च्या दोन वर्षांनी, तोवर काही ३८६ बोर्डांवर २८७ ची सॉकेट देऊन वेळ मारून नेली होती. बेरीज ८०८७ ला ७० ते १०० क्लॉक (घड्याळाचे ठोके) लागायची ती इथे २३ ते ३४ वर आली, भागाकार १९३-२०३ वरून ८८-९१ वर, आणि क्लॉक स्वतःच १६ पासून ३३ मेगाहर्ट्झपर्यंत. ३३ वाल्यावर बेरीज साधारण एका मायक्रोसेकंदात उरकते. साइन, कोसाइन आणि दोन्ही एकदम देणारी इन्स्ट्रक्शन आली, कोनाच्या त्या ४५ अंशांच्या कटकटीतून सुटका झाली आणि आयईईई ७५४ पूर्णपणे पाळलं गेलं. थ्रीडी आणि रे-ट्रेसिंगला ही चिप लावली की मशीन बदलल्यासारखं वाटतं, यात अतिशयोक्ती नाही. सायरिक्सची ८३डी८७ त्याच सॉकेटमध्ये बसते आणि इंटेलपेक्षा सरस आहे, आत हार्डवेअर मल्टिप्लायर असल्यामुळे, आणि अचूकतेतही तिला नावं ठेवायला जागा नाही. आयआयटी (इंटिग्रेटेड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) या कंपनीच्या ३सी८७ मध्ये चार बाय चार मॅट्रिक्सची खास इन्स्ट्रक्शन आहे, ऐकायला झकास, पण वापरणारे प्रोग्राम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वायटेक कंपनीची ३१६७ हे तर वेगळंच प्रकरण, ती ३८७ शी कंपॅटिबल नाहीच, मेमरीच्या पत्त्यावर लिहायचं आणि कुठल्या पत्त्यावर लिहिलं त्यावरून काय करायचं ते ठरतं. पळते भन्नाट, पण तिच्यासाठी मुद्दाम कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर नसेल तर शोभेची वस्तू.

आता ३८७ वाल्यांच्या उत्साहावर थोडं पाणी. फ्रॅक्टिंट हा फ्रॅक्टल काढणारा प्रोग्राम चालवून बघा. नावातच इंटिजर आहे, ३८६ च्या ३२ बिटांच्या पूर्णांक गणितावर मँडेलब्रॉट काढतो, आणि कोप्रोसेसर नसलेल्या ३८६ वर सुद्धा असा पळतो की फ्लोटिंग पॉइंटमध्ये लिहिलेल्या साध्या प्रोग्रामवाल्याने ३८७ लावून पण मान खाली घालावी. खूप आत झूम केलं की पूर्णांकांची अचूकता संपते आणि मग तो पण फ्लोटिंग पॉइंटवर येतो, तिथे चिपचं चीज होतं. १९९३ चा डूम पण तसाच, सगळं फिक्स्ड पॉइंटमध्ये (पूर्णांकांवर चालणारं दशांश गणित), एकाच क्लॉकच्या ४८६एसएक्स (कोप्रोसेसरशिवाय) आणि डीएक्सवर (कोप्रोसेसरसह) काही फरक जाणवत नाही. गेमसाठी कोप्रोसेसर घेणाऱ्यांनी १९९६ च्या क्वेकपर्यंत थांबायचं होतं, आणि तोवर सॉकेटच गायब झाली होती.

कारण १९८९ च्या ४८६डीएक्समध्ये सगळं आतच आलं. मग १९९१ मध्ये इंटेलने ४८६एसएक्स काढला, त्यात फ्लोटिंग पॉइंट नाही, आणि वरून ४८७एसएक्स नावाचा कोप्रोसेसर विकायला काढला. हा कोप्रोसेसर म्हणजे एक पिन जास्त असलेला अख्खा ४८६डीएक्स, सॉकेटमध्ये बसवला की आधीच्या एसएक्सला गप्प बसवतो आणि सगळं काम स्वतः करतो. त्यामुळे संग्रहात ठेवायला घ्या हवं तर, वापरायला सरळ डीएक्स बघा.

जुन्या चिपा विकत घेताना एक बघा, वरचं छापील लिहिलेलं धरून चालू नका. साधी ८०८७ ही ५ मेगाहर्ट्झची, डॅश २ वाली ८ ची आणि डॅश १ वाली १० ची. टर्बो एक्सटीसाठी (बटण दाबलं की ४.७७ पेक्षा जास्त वेगाने चालणारं मशीन) मागवलेल्या एका डॅश २ चिपवरची अक्षरं ॲसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली आणि खाली जुना शिक्का निघाला, विकणाऱ्याने सरळ हात वर केले. ४.७७ वर ती चिप आजही मस्त चालते, टर्बो बटण दाबलं की सॅव्हेजचं उत्तर भरकटतं आणि थोड्या वेळाने मशीन गोठतं. तेव्हा चिप हातात आली की तुमच्या सगळ्यात वरच्या क्लॉकवर सॅव्हेज लूपमध्ये टाकून तासभर सोडा, दर फेरीला तोच आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे, नाही जुळला तर परत पाठवा.